न्यू जर्सीत हीटिंगच्या बिलासाठी सरकारी मदत : नव्याने आलेल्यांसाठी अर्जाची पायरी-पायरीने माहिती

न्यू जर्सीतला हिवाळा नव्याने आलेल्या कुटुंबाला खरा कळतो तो जानेवारीच्या गॅसबिलातून. ऑक्टोबरपर्यंत ते बिल स्वयंपाक आणि गरम पाण्यापुरतं असतं. मग फर्नेस सुरू होते आणि आकडा पटीत वाढतो. ज्या घरात दोन चांगले पगार येतात तिथे कुरकुर करत का होईना, बिल भरलं जातं. पण एडिसन, आयसेलिन, जर्सी सिटीत आपली अशीही घरं आहेत जिथे एकच पगार येतो, तोही ग्रोसरीच्या दुकानातला, गॅस स्टेशनवरचा किंवा मोटेलमधला. कुणाची नोकरी गेलेली असते. कुणी घटस्फोटानंतर मुलांना घेऊन एकटी राहत असते. एखादं वयस्कर जोडपं ग्रीन कार्डावर येऊन वेगळ्या घरात राहत असतं. अशा घरांतून थर्मोस्टॅट साठ अंश फॅरनहाइटवर ठेवून, स्वेटरवर स्वेटर चढवून दिवस काढले जातात, कारण बिलासाठी मदत मिळते हेच माहीत नसतं. किंवा माहीत असतं, पण मागायची लाज वाटते.

आधी त्या लाजेबद्दल. न्यू जर्सीतल्या प्रत्येक गॅस-वीज ग्राहकाच्या दरात ‘सोसायटल बेनिफिट्स चार्ज’ नावाचा एक आकार धरलेला असतो. बिल तुमच्या नावावर असेल तर पहिल्या महिन्यापासून तुम्हीही तो भरत आला आहात. पुढे ज्या राज्याच्या योजनेबद्दल लिहिलं आहे, तिचा पैसा त्याच आकारातून येतो. दुसरी योजना केंद्र सरकारची आहे आणि ती करांतून चालते. पगारातून कर कापला जात असेल तर त्यातही तुमचा वाटा आहे. पात्र असूनही अर्ज न करण्यात कसलाही मोठेपणा नाही.

दोन योजना, एकच अर्ज

पहिली योजना ‘लायहीप’, म्हणजे लो इन्कम होम एनर्जी असिस्टन्स प्रोग्रॅम. १९८१ च्या कायद्याने सुरू झालेली ही केंद्राची योजना सगळ्या राज्यांत आहे. अलीकडच्या वर्षांत केंद्र तिच्यासाठी वर्षाला सुमारे चार अब्ज डॉलर राज्यांना वाटतं, आणि नियमांचे तपशील प्रत्येक राज्य आपापले ठरवतं. न्यू जर्सीत हे काम डिपार्टमेंट ऑफ कम्युनिटी अफेअर्सकडे, म्हणजे डीसीएकडे आहे. लायहीपमधून हंगामात एकदा ठरावीक रक्कम मिळते. ती बहुतेक वेळा तुमच्या हातात न येता थेट गॅस किंवा वीज कंपनीकडे, किंवा तेलावर घर गरम होत असेल तर तेल पुरवणाऱ्याकडे जाते. घरातली माणसं, उत्पन्न, इंधनाचा प्रकार आणि राज्याचा भाग यावर रक्कम ठरते. संपूर्ण हिवाळ्याचं बिल तिच्यातून भागेल ही अपेक्षा ठेवू नका, ही योजना बिलाला हातभार लावण्यासाठी आहे.

दुसरी ‘यूएसएफ’, म्हणजे युनिव्हर्सल सर्व्हिस फंड. ही फक्त न्यू जर्सीची. उत्पन्नाच्या मानाने गॅस आणि विजेवर फार मोठा हिस्सा जात असेल, तर यूएसएफमधून दर महिन्याच्या बिलात काही डॉलर वजा होतात, उन्हाळ्यातसुद्धा. लायहीप एकदा येऊन संपते, यूएसएफ महिनोन्‌महिने चालते. त्यामुळे ज्यांचं उत्पन्न बराच काळ कमीच राहणार आहे त्यांना यूएसएफचा उपयोग जास्त, असं माझं मत आहे. तेलावर किंवा प्रोपेनवर घर गरम होत असेल तर त्या इंधनासाठी लायहीप आणि विजेच्या बिलासाठी यूएसएफ, असं दोन्हीकडून मिळू शकतं.

दोन्हींसाठी अर्ज एकच भरायचा. लायहीपचा हंगाम साधारणपणे १ ऑक्टोबर ते ३० जून असतो, यूएसएफचा अर्ज वर्षभर चालतो.

पहिली पायरी : घरात कोण कोण, आणि एकूण उत्पन्न किती

अर्ज अडतात ते बहुधा इथेच, म्हणून इथे घाई करू नका.

‘घर’ म्हणजे एका छताखाली एकत्र राहणारी आणि गॅस-विजेचा खर्च एकत्र करणारी सगळी माणसं. आडनाव एक आहे की नाही, नातं आहे की नाही, याने फरक पडत नाही. मुलाच्या घरात राहणारे आई-बाबा आणि मुलगा-सून हे एकच घर. त्यामुळे ‘आईंना स्वतःचं काहीच उत्पन्न नाही, त्यांच्या नावाने अर्ज करू’ हा विचार चालत नाही, मुलाचा पगार धरलाच जातो. अपार्टमेंट वाटून घेणारी चार पोरं एकच बिल भरत असतील तर त्यांचा हिशोबही एकत्र होऊ शकतो. बेसमेंटमध्ये वेगळ्या लीजवर राहणारं कुटुंब मात्र वेगळं घर धरलं जाऊ शकतं, फक्त ते लीज कागदावर असायला हवं.

उत्पन्न मोजायचं ते कर कापण्याआधीचं, आणि अठरा वर्षांवरच्या सगळ्यांचं मिळून. मर्यादा कुठे आहे याबद्दल आपल्या लोकांत मोठा गैरसमज आहे. अनेकांना वाटतं की केंद्राच्या दारिद्र्यरेषेखाली असाल तरच मदत मिळते. २०२५ मध्ये ती रेषा चौघांच्या कुटुंबासाठी वर्षाला ३२,१५० डॉलर होती. न्यू जर्सी लायहीपसाठी ती रेषा वापरत नाही. इथे राज्यातल्या मध्यम उत्पन्नाच्या (निम्मी घरं ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात त्या आकड्याच्या) ६० टक्के ही मर्यादा आहे, आणि या राज्यातलं मध्यम उत्पन्न देशात वरच्या क्रमांकावर असल्यामुळे चौघांची मर्यादा अलीकडच्या वर्षांत पंचाहत्तर हजार डॉलरच्या वरच राहिली आहे. म्हणजे एकाच साध्या पगारावर चालणारं चौकोनी कुटुंब सहज बसू शकतं.

माणसं कमी तशी मर्यादाही कमी होते, आणि त्याचं प्रमाण केंद्राच्या नियमातच ठरलेलं आहे. चौघांची मर्यादा शंभर धरली तर तिघांची ८४, दोघांची ६८, एकट्याची ५२. पाच जणांची ११६, सहांची १३२. आकडा दर वर्षी बदलतो, तेव्हा डीसीएच्या वेबसाइटवरचा त्या हंगामाचा तक्ता बघा. तिथे रक्कम महिन्याची दिलेली असते. जरा वर असाल असं वाटलं तरी अर्ज करून बघा. ओव्हरटाइम बंद झाला, तास कमी झाले, की चित्र बदलतं, आणि अर्ज करायला पैसे पडत नाहीत.

भाड्यात हीट धरलेली असेल तरी न्यू जर्सीत लायहीप मिळू शकते. जर्सी सिटीच्या जुन्या रेडिएटरवाल्या इमारतींत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पण सरकारी घरात राहत असाल किंवा भाड्यासाठी सरकारी अनुदान घेत असाल, आणि हीटचं बिल स्वतः भरत नसाल, तर मिळत नाही.

दुसरी पायरी : इमिग्रेशनचा प्रश्न

लायहीप ही केंद्राची मदत असल्याने ती नागरिकांना आणि कायद्याने ‘पात्र’ ठरवलेल्या परदेशी व्यक्तींनाच मिळते. ग्रीन कार्डधारक, निर्वासित आणि आश्रय मिळालेले लोक त्यात येतात. एच-वन, एच-फोर, एल-वन, एफ-वन या तात्पुरत्या व्हिसांवर असलेले त्यात येत नाहीत. मात्र आई-वडील व्हिसावर आणि मूल इथे जन्मलेलं, म्हणून नागरिक, अशी घरं आपल्यात पुष्कळ आहेत. अशा मिश्र घराला पात्र सदस्यांच्या आधारावर मदत मिळू शकते. उत्पन्न मात्र सगळ्यांचं बघितलं जातं. अशा वेळी स्वतः अंदाज बांधत बसू नका, काउंटीच्या संस्थेला थेट विचारा.

ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं झाल्याशिवाय काहीच मिळत नाही, हे वाक्य आपल्याकडे जिथे तिथे ऐकू येतं. स्नॅप (अन्नधान्यासाठीची मदत) आणि मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा) यांसारख्या काही योजनांना प्रौढांसाठी अशी अट आहे, लायहीपला नाही. ग्रीन कार्ड कालच हातात पडलं असेल तरी अर्ज करता येतो.

मग ‘पब्लिक चार्ज’ची भीती, म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून राहाल असं ठरवून ग्रीन कार्ड नाकारलं जाण्याची. २०२२ च्या नियमानुसार घरखर्चासाठी मिळणारी रोख सरकारी मदत आणि सरकारी खर्चाने दीर्घकाळ संस्थेत राहणं, एवढंच मोजलं जातं. हीटिंगच्या बिलाची मदत त्यात नाही. नागरिकत्वाच्या अर्जाला तर ही कसोटीच लागत नाही. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने तो नियम काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला, म्हणून ज्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज अजून चालू आहे त्यांनी आधी इमिग्रेशन वकिलाशी बोलावं. आणखी एक गोष्ट खास आपल्या आई-बाबांसाठी. ग्रीन कार्डधारक सलग १८० दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिला, तर परत येताना त्याच्याकडे नव्याने प्रवेश मागणारा म्हणून बघितलं जाऊ शकतं, आणि हा प्रश्न तिथेही निघू शकतो. हिवाळाभर पुण्यात राहून एप्रिलमध्ये परतणाऱ्यांनी तारखा मोजून तिकीट काढावं.

तिसरी पायरी : कागद

हे सगळं एका फाइलमध्ये लावा आणि फोनवर स्वच्छ फोटोही काढून ठेवा:

- घरातल्या प्रौढांचं फोटो ओळखपत्र, आणि घरातल्यांची सोशल सिक्युरिटी कार्डं
- ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाचा पुरावा
- मागच्या महिन्याभराचे लागोपाठचे पे-स्टब (पगाराच्या पावत्या), कमावत्या प्रत्येकाचे. बेकारी भत्ता, पेन्शन, चाइल्ड सपोर्ट मिळत असेल तर त्यांची पत्रं
- गॅसचं आणि विजेचं ताजं बिल, सगळी पानं
- लीज, किंवा स्वतःचं घर असेल तर प्रॉपर्टी टॅक्सचं बिल किंवा डीड

काही जागा मुद्दाम सांगतो. बिल ज्याच्या नावावर आहे ती व्यक्ती घरात राहणारी असावी. नवऱ्याच्या नावावरचं बिल आणि नवरा घर सोडून गेलेला, अशा परिस्थितीत आधी कंपनीला फोन करून खातं स्वतःच्या नावावर करून घ्या. पगार रोखीत मिळत असेल तर मालकाकडून पगार आणि तास लिहिलेलं, सही-तारखेचं पत्र घ्या. मालक ते द्यायला टाळाटाळ करेल, तरी मागा. उत्पन्न शून्य असेल तर घरखर्च कसा चालतो ते लिहून द्यावं लागतं. बहीण भाडं देते, बचतीतून खातो, जे असेल ते खरं लिहा. मोकळी सोडलेली जागा संशय निर्माण करते, खरं उत्तर करत नाही.

हीट भाड्यात धरलेली असेल तर लीजमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असावं. नसेल तर घरमालकाकडून दोन ओळींचं पत्र घ्या. आणि पासपोर्टवर, लीजवर, बिलावर नावाची स्पेलिंगं वेगवेगळी आहेत का ते तपासा. मधलं नाव म्हणून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लावायच्या आपल्या पद्धतीमुळे एकाच बाईची तीन कागदांवर तीन नावं निघतात. अर्जात सोशल सिक्युरिटी कार्डावरचं नाव वापरा आणि बाकीच्या नावांबद्दल सोबत एक ओळ लिहा.

चौथी पायरी : अर्ज कुठे करायचा

डीसीएचं ‘डीसीएड’ नावाचं पोर्टल आहे, तिथे ऑनलाइन अर्ज करता येतो. संगणकाची सवय नसेल किंवा कागद गुंतागुंतीचे असतील तर काउंटीतल्या संस्थेत प्रत्यक्ष जा. प्रत्येक काउंटीत हे काम कुठल्या ना कुठल्या समाजसेवी संस्थेला दिलेलं असतं. मिडलसेक्स काउंटीत न्यू ब्रुन्सविकची पोर्टो रिकन अ‍ॅक्शन बोर्ड ही संस्था वर्षानुवर्षं हे अर्ज घेत आली आहे. नाव वाचून ‘हे आपल्यासाठी नाही’ असं समजून परत फिरू नका, तिथे काउंटीतल्या कुणालाही जाता येतं. तुमच्या काउंटीत सध्या कोण आहे हे २११ या नंबरवर फोन केला की कळतं.

इंग्रजी बोलायला अडत असेल तर फोन लागल्याबरोबर ‘मराठी इंटरप्रिटर प्लीज’ एवढंच म्हणा आणि थांबा. केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थांवर भाषेची मदत पुरवण्याची जबाबदारी असते, त्यासाठी तुम्हाला काही द्यावं लागत नाही. शाळकरी मुलाला मध्ये बसवून घरच्या उत्पन्नाच्या गोष्टी बोलायला लावू नका, त्याच्यावर तो भार कशाला.

अर्ज भरून देण्याचे कुणी पैसे मागितले तर देऊ नका. दारात येऊन ‘बिल दाखवा, स्वस्त करून देतो’ म्हणणारे बहुतेक खासगी ऊर्जा पुरवठादारांचे विक्रेते असतात. त्यांना बिलावरचा खाते क्रमांक दिसला की तुमचा पुरवठादार बदलला जाण्याचा धोका असतो. आणि ‘अर्ध्या तासात लाइन तोडू, गिफ्ट कार्डाने पैसे भरा’ असा फोन आला तर तो ठग आहे. फोन ठेवा आणि बिलावर छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करा.

पाचवी पायरी : निकाल येईपर्यंत

अर्ज मंजूर व्हायला आठवडे लागतात. केंद्राचा निधीही वेळेवर येतोच असं नाही. २०२५ च्या १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत केंद्र सरकारचं कामकाज बंद होतं तेव्हा राज्यांना लायहीपचे पैसे मिळायला उशीर झाला. म्हणून माझं सांगणं असं, की थंडीची वाट न बघता ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच अर्ज टाका. अर्ज क्रमांक लिहून ठेवा आणि पत्रपेटी रोज बघा. कमी पडलेल्या कागदांची मागणी पत्राने येऊ शकते, आणि मुदतीत उत्तर गेलं नाही तर अर्ज तिथेच थांबतो.

तोवर हातावर हात ठेवून बसू नका. कंपनीला फोन करून अर्ज केल्याचं सांगा आणि जमेल तेवढी रक्कम भरत राहा. थकबाकीसाठी हप्ते बांधून मागा, त्याला ‘डिफर्ड पेमेंट अरेंजमेंट’ म्हणतात. झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा.

लाइन तोडण्याची नोटीस आली असेल किंवा तेलाची टाकी संपत आली असेल, तर संस्थेला फोन करून ‘इमर्जन्सी’ हा शब्द वापराच. लायहीपच्या केंद्रीय कायद्यानुसार पात्र घराच्या अशा संकटात ४८ तासांच्या आत आणि जिवाला धोका असेल तर १८ तासांच्या आत काहीतरी मदत मिळायला हवी. घरात तान्हं बाळ, ऑक्सिजनवरचा रुग्ण किंवा म्हातारं माणूस असेल तर ते पहिल्या वाक्यातच सांगा. गंभीर आजार असेल तर डॉक्टरांचं पत्र कंपनीला पाठवल्यावर तोडणी काही काळ पुढे ढकलली जाते.

न्यू जर्सीत ‘विंटर टर्मिनेशन प्रोग्रॅम’ही आहे. १५ नोव्हेंबर ते १५ मार्च या काळात लायहीप, यूएसएफ, एसएसआय (कमी उत्पन्नाच्या वृद्ध-अपंगांना केंद्राचा भत्ता), लाइफलाइन (तिच्याबद्दल पुढे) यांसारख्या योजनांतल्या घरांची जोडणी गॅस-वीज कंपन्यांना थकबाकीसाठी तोडता येत नाही. नोकरी गेली, आजारपण आलं, जोडीदार गेला, म्हणजे हाताबाहेरच्या कारणाने बिल थकलं, त्यांनाही हे संरक्षण मागता येतं. पण संरक्षण म्हणजे माफी नव्हे. चार महिन्यांचं बिल साचत जातं आणि १६ मार्चला कंपनी पुन्हा मोकळी होते. या काळातही दर महिन्याला थोडं तरी भरा.

आणि भाड्याच्या घरात हीट देणं घरमालकाकडे असेल, तर १ ऑक्टोबर ते १ मे सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत घरात किमान ६८ अंश आणि रात्री ६५ अंश फॅरनहाइट राखणं त्याला बंधनकारक आहे. थंडी वाजत असेल तर थर्मामीटरचा फोटो वेळेसकट काढा, मालकाला लेखी कळवा आणि तरी काही झालं नाही तर टाउनशिपच्या आरोग्य किंवा इमारत विभागाकडे तक्रार करा.

मंजूर झाल्यावर

यूएसएफमध्ये नव्याने दाखल होणाऱ्यांवर ६० डॉलर किंवा त्याहून जास्त जुनी थकबाकी असेल तर ‘फ्रेश स्टार्ट’ लागू होऊ शकतं. बारा महिने चालू बिल पूर्ण आणि वेळेवर भरलं, तर जुनी थकबाकी माफ होते. या दोन योजनांमध्ये यापेक्षा मोठी सवलत मला दिसत नाही, आणि माहीत नसल्यामुळे ती अर्ध्यात सुटते. तुम्हाला ती लागू आहे का, हे कंपनीला फोन करून विचारा. मग वर्षभर बिलाच्या तारखेआधी दोन दिवसांचा गजर फोनवर लावून ठेवा.

घरात ६५ किंवा त्याहून जास्त वयाचं माणूस किंवा अपंगत्वाचा भत्ता घेणारं कुणी असेल तर राज्याच्या ‘लाइफलाइन’ योजनेतून बिलासाठी वर्षाला २२५ डॉलर मिळू शकतात. त्याचा अर्ज वेगळा, ‘एनजे सेव्ह’ नावाचा.

घरच गळकं असेल, म्हणजे खिडकीतून वारा येत असेल, माळ्यावर इन्सुलेशन नसेल, फर्नेस म्हातारी झाली असेल, तर बिलाची मदत घेताना ‘वेदरायझेशन’बद्दलही विचारा. केंद्राच्या या जुन्या योजनेत दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांत अशी कामं विनामूल्य करून देतात. चौघांसाठी २०२५ च्या आकड्याने ते ६४,३०० डॉलर होतात. ‘कम्फर्ट पार्टनर्स’ ही राज्यातली गॅस-वीज कंपन्यांमार्फत चालणारी अशीच दुसरी सोय आहे. भाडेकरूंनाही अर्ज करता येतो, मात्र घरमालकाची लेखी संमती लागते.

घर बदललं, नोकरी लागली, कुणी राहायला आलं किंवा गेलं, की संस्थेला कळवा. लायहीपचा अर्ज दर हंगामात नव्याने करायचा असतो, आणि यूएसएफसाठीही दर वर्षी पात्रता पुन्हा तपासली जाते. त्यासाठी आलेलं पत्र मुदतीत परत पाठवा. या वर्षीची फाइल फेकू नका. पुढच्या सप्टेंबरच्या शेवटी त्यात नवे पे-स्टब आणि नवी बिलं घातली की निम्मं काम झालेलं असतं.